सिगारचा धंदा वाढतोय की आटतोय? आकड्यांचा मेळ कुणी लावून देईल का

मुठाकाठचा

मी सिगार ओढत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद तिथेच खर्ची पडायचे नाहीत. माझं काम आयात-निर्यातीच्या आकड्यांचं. एका गिऱ्हाइकाला 'सिगार : प्रदेशवार कल' असा तक्ता हवाय आणि प्रत्येक प्रदेशापुढे बाण हवाय. वर जाणारा हिरवा, खाली येणारा लाल.

अडचण अशी आहे. क्युबाचे हाताने वळलेले सिगार जगभर विकणारी कंपनी एकच, हबानोस. तिची विक्री 2022 मध्ये 54.5 कोटी डॉलर, 2023 मध्ये 72.1 कोटी, 2024 मध्ये 82.7 कोटी. दोन वर्षांत दीडपट! आणि याच काळात क्युबात वीज नाही, इंधन नाही, तंबाखूची कोठारं वादळात आडवी झालेली, युरोपातले दुकानदार माल मिळत नाही म्हणून रडतायत. उलट अमेरिकेत दुकानं भरलेली, पण हातवळणीच्या सिगारची आयात 2023 मधल्या सुमारे 46.8 कोटी नगांवरून 2024 मध्ये 43 कोटींवर आली.

म्हणजे जिथे माल नाही तिथे हिरवा बाण आणि जिथे रेलचेल तिथे लाल. वर कहर म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यापार-आकडेवारीत सिगारच्या बड्या निर्यातदारांत डोमिनिकन रिपब्लिकसोबत नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी दिसतात. या तिघांत सिगारचा तंबाखू असा कितीसा पिकतो?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. धूर नको.

तिखटशेव

पहिला! वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

फुकटसल्ला

बाण आडवा काढा. गिऱ्हाईकही खूश, तुम्हीही मोकळे.

बंदरवाला

मी न्हावा शेव्याला सीएचएकडे (कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटाकडे) आहे, रोज बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे कागद, भरण्यात जन्म चाललाय. त्यामुळे बाणाचं माहीत नाही, पण तक्ता कुठे फसतो ते सांगू शकतो.

सगळ्या जगाचा सहा आकडी कस्टम्स कोड एकच, 2402 10. त्यात सिगार, चिरूट आणि सिगारिलो तिघेही एका गोणीत. एका बाजूला हवानाचा वीतभर, एकेक पान निवडून हाताने वळलेला नग. दुसऱ्या बाजूला यंत्रातून मिनिटाला शेकड्यांनी पडणारी करंगळीएवढी सिगारिलो. कोड तोच. नेदरलँड्स-बेल्जियम वर दिसतात त्याचं एक कारण हे. तिथली यंत्रवळणीची सिगारिलो हा मोठा आणि जुना उद्योग आहे.

दुसरं कारण पत्त्याचं. डोमिनिकन रिपब्लिकमधून माल निघताना कागदावर लिहिलं जातं 'जाणार : नेदरलँड्स', कारण पेटी रॉटरडॅमला उतरणार. तिथून ती जर्मनीला गेली की जर्मनी आयातीत मूळ देश लिहितो डोमिनिकन. आणि नेदरलँड्सच्या वहीत हीच पेटी पुनर्निर्यात म्हणून दिसू शकते. तीन वह्या, एकच पेटी. बेरीज करणाऱ्याने तिन्ही जोडल्या तर धंदा तिप्पट!

तिसरं म्हणजे मोजमाप. कुणी हजार नगांत मोजतं, कुणी किलोत. युरोपात हजार नग. आपल्याकडेही हजारात. निर्यातीची किंमत जहाजावर चढेपर्यंतची, आयातीची बहुतेक देशांत भाडं-विमा धरून. अमेरिका मात्र आयातही भाडं वगळून दाखवते. त्यामुळे दोन देशांचे आकडे जुळलेच तर मला संशय येतो.

मुठाकाठचा

बंदरवाला, हा प्रतिसाद छापून टेबलाच्या काचेखाली ठेवतोय. म्हणजे क्युबाचा प्रश्न वेगळा आणि युरोपचा वेगळा, असं म्हणायचं का?

निपाणीकर

क्युबाचं मी सांगतो, शेतकऱ्याच्या बाजूने.

आमच्याकडचा तंबाखू बिडीचा. तो कापून शिवारातच उन्हात वाळवतात, मग चुरा होतो. सिगारच्या पानाला ऊन चालत नाही. ते अख्खं राहावं लागतं, म्हणून लाकडी कोठारात काठ्यांवर टांगून सावलीत, वाऱ्यावर महिना-दीड महिना वाळवतात. कोठार गेलं की पीक उभं असूनही उपयोग नाही, ते ठेवणार कुठे?

27 सप्टेंबर 2022 ला इयन चक्रीवादळ पिनार देल रिओवर आलं. क्युबाचा उत्तम तंबाखू याच प्रांतातला, सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेस या भागातला. तिथल्या सुमारे बारा हजार कोठारांपैकी दहा हजारांच्या आसपास पडली. आणि हे लागणीच्या तोंडावर. त्यामुळे पुढच्या हंगामात लागणच कमी झाली.

आता मुद्दा. पान तोडलं आणि लगेच सिगार झाला असं नसतं. गंजी लावून आंबवणं, मग गाठोड्यांत मुरवणं, यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात, भारी मालाला त्याहून जास्त. म्हणजे 2022-23 च्या हंगामाची तूट 2025 च्या पुढेमागे दुकानात दिसणार. 2023 ची विक्री हे जुन्या पानाचं कर्तृत्व. तुमचा बाण कुठल्या वर्षाचा तंबाखू दाखवतोय हे आधी ठरवा.

तिखटशेव

निपाणीकर आले की धागा शेतात जातो आणि मग मजा येते.

सिंगापुरी_काकू

निपाणीकरांचं पटतं, पण मुठाकाठचे, तुमच्या दीडपटीचं उत्तर शेतात नाही, भावफलकावर आहे. माझे यजमान या नादातले, त्यामुळे घरात हा विषय आमटीसारखा रोज असतो.

2022 च्या मध्यापर्यंत एकाच कोहिबाची किंमत हवानात एक, माद्रिदला दुसरी आणि हाँगकाँगला तिसरी, सगळ्यांत चढी. साहजिकच लोक स्पेनमधून पेट्या उचलायचे आणि आशियात विकायचे. मग कंपनीने ठरवलं की कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन्ही ब्रँडांचा भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीला आणायचा. कित्येक देशांत एका रात्रीत दुप्पट किंवा त्याहून जास्त! नग तेवढेच राहिले किंवा कमी झाले, तरी डॉलर वाढणारच ना?

म्हणून क्युबाचा हिरवा बाण हा भावाचा बाण आहे, मालाचा नव्हे.

बासेलचा_बाप्या

काकूंशी अर्धा सहमत. भाव वाढवला तरी तो देणारं गिऱ्हाईक लागतं. ते चीनमध्ये मिळालं. गेली काही वर्षं हबानोसची देशवार पहिली बाजारपेठ चीन आहे, स्पेन त्याच्या मागे. खंडवार पाहिलं तर अजूनही निम्म्याहून जास्त विक्री युरोपात आहे, हेही खरं. पण कल विचाराल तर आशिया, त्यातही चीन.

आणि चीन नुसता आयात करत नाही. सिचुआनमधल्या शीफांगला त्यांचा 'ग्रेट वॉल' सिगारचा जुना कारखाना आहे. माओसाठी खास सिगार बनवायला तिथलेच कारागीर बीजिंगला नेले होते. हाइनान, युनान, हुबेई इकडे सिगारच्या पानांची लागण वाढवलीय. सरकारी मक्तेदारी असल्यामुळे आत किती बनतं, किती खपतं, ते बाहेरच्या व्यापार-आकड्यांत येणारच नाही. सीमा ओलांडली तरच वस्तू मोजली जाते.

सिंगापुरी_काकू

बाप्या, चीनचं बरोबर. पण 2021 मध्ये 56.8 कोटी, 2022 मध्ये 54.5. म्हणजे भाववाढीच्या पहिल्या वर्षात विक्री घटली होती! पुढच्या वर्षी एकदम 72. एका वर्षात चीनमध्ये धूम्रपान तिपटीने वाढलं असं म्हणायचंय का? भाववाढ वर्षभर लागू झाली, कोविडचे निर्बंध उठले, अडकलेला माल सुटला. सगळ्याचं श्रेय गिऱ्हाइकाच्या आवडीला देऊ नका.

बासेलचा_बाप्या

तिपटीने कुठे म्हणालो मी? :)

चौकसबुद्धी

अडाणी प्रश्न : अमेरिकेत क्युबाच्या सिगारवर बंदी आहे ना? मग अमेरिकेच्या तक्त्यात क्युबापुढे काय लिहितात?

इतिहासखोर

शून्य. आणि हे शून्य 1962 पासूनचं आहे.

फेब्रुवारी 1962 मध्ये केनेडींनी क्युबाशी व्यापारबंदीच्या घोषणेवर सही केली. त्याआधी आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना शक्य तितके क्युबन सिगार गोळा करायला सांगितलं. सॅलिंजरनी सकाळी 1,200 आणून दिले, मगच सही झाली. हा किस्सा खुद्द सॅलिंजरनीच पुढे सांगितला आहे.

त्या एका सहीने मध्य अमेरिकेचा नकाशा बदलला. क्युबातून बाहेर पडलेली तंबाखूची घराणी बियाणं आणि कसब घेऊन निकाराग्वातल्या एस्तेलीत, होंडुरासमधल्या दान्लीत, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सँतियागोत स्थिरावली. 1979 ला निकाराग्वात क्रांती झाली, 1985 मध्ये अमेरिकेने त्यांच्यावरही बंदी घातली, ती 1990 ला उठली. मधल्या काळात तिथले कारखानदार होंडुरासकडे सरकले आणि नंतर परतले. आज अमेरिकेत येणाऱ्या हातवळणीच्या सिगारपैकी निम्म्याहून अधिक एकट्या निकाराग्वाचे. हबानोसची दीडपट बघताना हेही बघा, की जगातल्या या सर्वांत मोठ्या बाजारात क्युबा कागदोपत्री उतरतच नाही.

1989 मध्ये स्विस सिगार-व्यापारी झिनो डेव्हिडॉफ यांनी दर्जा घसरला म्हणून एक लाख तीस हजारांवर क्युबन सिगार जाळले आणि कंपनी डोमिनिकनला गेली, ही आपल्या बासेलच्या बाप्याच्या गावची गोष्ट.

तिखटशेव

एक लाख तीस हजार सिगार जाळले? म्हणजे शेवटी ओढलेच की, फक्त एकदम.

फुकटसल्ला

हा प्रतिसाद धाग्याचा मानकरी.

डॉ_अवखळ

सगळे डॉलर मोजताय, एक गोष्ट मीही मोजते. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. धूर आत ओढला नाही तरी तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग व्हायचा तो होतो. त्यामुळे 'नग घटले' यावरून लगेच आनंदी होऊ नका आणि 'नग वाढले' यावरून तंबाखू वाढला असंही समजू नका. एक नग म्हणजे किती ग्रॅम, ते विचारा.

आणि भारतातलं विचाराल तर श्रीकाकुळम, विशाखापट्टणम भागात गरीब घरांतल्या बायका चुट्टा ओढतात. हा घरी वळलेला जाड सिगारच. कित्येकजणी जळतं टोक तोंडात धरून. त्याने टाळूचा कर्करोग होतो, यावर जुनं भारतीय संशोधन भरपूर आहे. हा चुट्टा तुमच्या कुठल्या कोडात बसतो?

बंदरवाला

डॉक्टर, कोडात बसतो, वहीत बसत नाही. घरी वळला, घरी ओढला, त्याला ना बिल ना बोट.

ग्रॅमचा मुद्दा तर सोन्यासारखा. त्यावरून अमेरिकेचा 2009 चा किस्सा सांगतो, हा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असायला हवा.

तिथे कायद्याने सिगारचे दोन प्रकार. हजार नगांचं वजन 3 पौंडांपर्यंत असेल तर छोटा, म्हणजे नगामागे सुमारे 1.36 ग्रॅम. त्यावर गेला की मोठा. 1 एप्रिल 2009 ला कर बदलला. छोट्यावरचा कर हजारी 1.83 डॉलरच्या आसपास होता, तो थेट 50.33 डॉलर केला, सिगारेटइतकाच. मोठ्यावर मात्र किमतीच्या 52.75 टक्के. आता स्वस्तातला सिगार, कारखान्याची किंमत समजा पाच-सहा सेंट. टक्केवारीने कर तीन सेंट आणि छोटा म्हणून भरला तर पाच. कारखानदाराने काय केलं असेल?

चौकसबुद्धी

वजन वाढवलं!

बंदरवाला

शंभर टक्के. सिगारच्या टोकाची गाळणी (फिल्टर) जरा जड केली, तंबाखू चिमूटभर वाढवला आणि छोटा सिगार कायद्याने मोठा झाला. जानेवारी 2009 मध्ये छोटे महिन्याला सुमारे 43 कोटी विकले जात होते, सप्टेंबर 2011 पर्यंत 6 कोटींवर आले. मोठे त्याच काळात 41 कोटींवरून शंभर कोटींच्या वर गेले. हे त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी मांडलंय.

तेव्हाच्या तक्त्यात कुणी बाण काढला असेल तर 'अमेरिकेत मोठ्या सिगारची लाट' असं लिहिलं असेल. ओढणारा तोच, दुकान तेच, रंगीत पाकीटसुद्धा तेच. फक्त तराजूवर नग पलीकडे पडला.

मुठाकाठचा

बाप रे. हा जुना आकडा माझ्या मालिकेत आहे आणि 2009 नंतरची उडी मी 'मंदीतही चैन' अशा शीर्षकाखाली ठेवणार होतो.

तिखटशेव

ते शीर्षक ठेवाच. गिऱ्हाईक पैसे बाणाचे देतं, सत्याचे नाही.

हार्टफर्डची_सून

इथे अमेरिकेत, कनेक्टिकटला, नोकरीनिमित्त येणाऱ्या आपल्या मंडळींना पहिलं आश्चर्य वाटतं ते तंबाखूचं. विमानतळावरून निघालं की विंडसर, सफिल्डकडे शेतांवर अख्खे पांढरे कापडी मांडव. मला पहिल्या उन्हाळ्यात वाटलं, कुणाचं तरी मोठं लग्न आहे. कडेला लांबच लांब लाकडी कोठारं, त्यांच्या भिंतीतली एकेक फळी बिजागरीवर उघडलेली, आत वारा खेळावा म्हणून. आत पाहिलं तर छपरापर्यंत पानं टांगलेली आणि खाली काळोखात ओल्या गवताचा न् मधाचा मिळून काहीतरी वास.

हे सिगारचं सर्वांत बाहेरचं पान. मांडवाखाली ऊन गाळून येतं म्हणून पातळ, गुळगुळीत, शिरा न दिसणारं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं की शाळकरी पोरं उन्हाळ्यात इथे राबायची. मार्टिन ल्यूथर किंग कॉलेजात जाण्याआधी 1944 च्या उन्हाळ्यात जवळच्या सिम्सबरीला तंबाखूच्याच शेतावर कामाला होते. आता मांडव कमी होत चाललेत. काही शेतांत गोदामं आली, काहींत सौरपट्ट्या. याच जातीचं पान आता इक्वेडोरमध्ये बरंच होतं. तिथे ढगच इतके की मांडव लागत नाही.

माझा प्रश्न : इथलं पान डोमिनिकनला जातं, तिथे सिगारवर चढतं, परत इथल्याच दुकानात येतं. ते कुठल्या प्रदेशाच्या खात्यात?

बंदरवाला

दोन्हीकडे. पान जातं 2401 कोडाने, अमेरिकेची निर्यात. परत येतं 2402 10 ने, डोमिनिकनची निर्यात. सिगारचा मूळ देश म्हणजे वळला तो देश. आतलं पान निकाराग्वाचं, बांधणीचं इंडोनेशियाचं, वरचं कनेक्टिकटचं असलं तरी तक्त्यात फक्त सँतियागो. तुमचं पान नगात वजनाने चिमूटभर, पण किंमत त्याचीच मोठी.

इतिहासखोर

इंडोनेशिया निघालाच म्हणून. तिथल्या सुमात्रा-जावाच्या पानाचा लिलाव पिढ्यान्‌पिढ्या ॲमस्टरडॅमला होत असे. इंडोनेशियाने डच मळ्यांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि 1959 पासून लिलाव जर्मनीतल्या ब्रेमेनला गेला. मळे तिथेच, पान तेच, गिऱ्हाईकही बरंचसं तेच. पण त्या वर्षीची व्यापाराची वही उघडली तर वाटेल नेदरलँड्समध्ये साथ आली आणि जर्मनीत सुबत्ता.

अवांतर : आपल्याकडेही हे होतं. तिरुचिरापल्लीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात नावाजलेले, दिंडीगुलला स्पेन्सर कंपनीचा कारखाना. चर्चिलसाहेब त्रिचीचे चिरूट ओढायचे असं तिकडे अभिमानाने सांगतात. तमिळनाडूतल्या वेडसंदूरला सिगार-चिरुटाच्या तंबाखूचं सरकारी संशोधन केंद्र आहे, पश्चिम बंगालमधल्या दिनहाट्याला वेष्टनाच्या पानाचं.

सोलापूरची_चादर

चर्चिलचं कौतुक झालं असेल तर आमच्या बिडीकडे वळा. माझ्या मावश्या आयुष्यभर बिड्या वळत आल्या. पान, तंबाखू, सूत कारखान्यातून मिळायचं, रात्री सूप मांडीवर घेऊन बसायच्या. मजुरी हजारावर. सकाळी कारखान्यात तपासणारा मूठभर उचलून बघणार आणि छाट बाजूला काढणार. छाटेची मजुरी नाही, पण छाट झालेल्या बिड्या फेकून कुठे देतात? त्याही कुणीतरी ओढतंच. तर वळलेल्या किती, मोजलेल्या किती आणि विकलेल्या किती, हे तीन आकडे कधीच एक नव्हते.

पानात गुंडाळलेला तंबाखू म्हणजे सिगार, तर मग बिडी कोण?

बंदरवाला

बिडी 2403 मध्ये. म्हणून सिगारच्या तक्त्यात भारत नगण्य दिसतो. करही निराळे. जीएसटी आला तेव्हा सिगार-चिरुटावर 28 टक्क्यांवर आणखी उपकर होता, 21 टक्के किंवा हजारी 4170 रुपये, यातला जो जास्त तो. बिडीवर तेव्हा 28 टक्के होते, पण उपकर नव्हता.

निपाणीकर

आणि बिडीच्या तंबाखूचं उत्पादन किती, ते तंबाखू मंडळालाही विचारू नका. गुंटूरचं मंडळ बघतं व्हर्जिनिया, सिगारेटचा. आमचा माल व्यापाऱ्याच्या दारात. 1981 ला भावासाठी रस्त्यावर बसलो तेव्हा गोळीबारात बारा शेतकरी गेले. ते आकडे मात्र इथे प्रत्येकाला पाठ आहेत.

डॉ_अवखळ

_/\_

दुबईचा_बबन

सगळे गंभीर झाले, थोडी हवा देतो. भारतात येताना 25 सिगार करमुक्त आणता येतात. युरोपात शिरताना 50, अमेरिकेत 100. हाँगकाँगला एक. हो, एक! सिंगापूरला शून्य, पहिल्या नगापासून कर. काकूंना विचारा.

आता दुबईतून दर विमानात किती मामा आणि मेहुणे पंचवीस-पंचवीस घेऊन उतरतात, हे भारताच्या आयात-आकड्यात कुठे? कुठेच नाही.

सिंगापुरी_काकू

शून्यच. यजमानांचं तोंड बघण्यासारखं होतं. आता ते भारतात माहेरच्या लग्नांना फार उत्साहाने येतात.

चौकसबुद्धी

अमेरिकेची आयात 2024 मध्ये का घटली, ते राहिलं. ट्रम्पचं शुल्क?

इतिहासखोर

शुल्क 2025 चं. एप्रिलमध्ये डोमिनिकन आणि होंडुरासवर 10 टक्के जाहीर झालं, निकाराग्वावर 18. आधी व्यापार-कराराखाली तिन्ही शून्यावर होते. ते 2024 च्या घटीचं कारण होऊ शकत नाही. 2024 ची घट बघायची तर मागे जा. 1997 च्या सिगार-वेडात आयात 41.8 कोटींच्या आसपास पोचली होती, मग फुगा फुटला. कोविडात लोक घरी, अंगणात बसून ओढायला लागले आणि 2021 ला 45 कोटींच्या पुढे गेली. म्हणजे 43 कोटी हे उतरल्यानंतरही 1997 च्या शिखराच्या वर आहे. लाल बाण काढा, पण पाया कुठला ते खाली लिहा.

बासेलचा_बाप्या

+1. शिवाय आयात म्हणजे खप नव्हे. 2021-22 मध्ये दुकानदारांनी घाबरून दुप्पट मागण्या नोंदवल्या, गोदामं भरली. मग गोदामं रिकामी होईपर्यंत आयात कमी. ओढणारे तेवढेच असतील.

बंदरवाला

आणि 'हातवळणीचा' कुणाला म्हणायचं, हाही तिथे कोर्टाचा विषय झाला. अन्न-औषध प्रशासनाने 2016 मध्ये सिगारही आपल्या नियमांखाली घेतले. 2023 मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश अमित मेहतांनी उंची सिगारपुरतं ते रद्द केलं. त्यासाठीच्या व्याख्येत हाताने वळलेला, वेष्टन अख्ख्या पानाचं, हजारी वजन 6 पौंडांच्या वर, अशा अटी आल्या. अपिलात रद्द करणं टिकलं, व्याख्या मात्र फेरविचाराला परत पाठवली.

तिखटशेव

मेहता तिथेही हिशेबच तपासतायत.

मुठाकाठचा

मंडळी, एका बाणाच्या जागी तक्त्याचे तीन भाग करतोय. पहिला क्युबा : फक्त डॉलर, नगाचा आकडा नाही, 2022 च्या भावबदलाची उभी रेघ आणि खाली इयनची टीप. दुसरा अमेरिका : हातवळणीचे नग, मूळ देशानुसार, 1997 पासून, म्हणजे निकाराग्वा कसा वर आला ते दिसेल. 2009 ची मोठे-छोटे मालिका वेगळ्या पानावर, जोडायची नाही. तिसरा युरोप : हजार नगांत, फक्त आयात आणि मूळ देश. निर्यातीचा रकानाच काढून टाकला. चीनपुढे 'आयातीपुरतं' असं लिहिणार. भारत तळटीपेत, बिडी वगळून असं स्पष्ट सांगून.

गिऱ्हाइकाला फोनवर हे ऐकवलं. तो म्हणाला, सगळं छान, पण बाण?

फुकटसल्ला

आडवा. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

बंदरवाला

युरोपच्या भागात 'आयात' लिहिताना सदस्य देशांची आपापसातली वेगळी काढा, नाहीतर रॉटरडॅमची पेटी परत दोनदा येईल. आणि क्युबाचं जमल्यास स्पेनच्या आयातीशी ताडून बघा. काही हाती लागलं तर इथेच टाका, मलाही बघायचंय.

निपाणीकर

अन् पुढच्या वर्षी क्युबाची रेघ खाली आली तर चीनला दोष देऊ नका. कोठारं आठवा.